मधल्या वाळूतलं लगीन

माझं लग्न ठरलं त्या दिवशी माझे अप्पा आणि माझे होणारे सासरे पालार नदीच्या अगदी मधोमध बसून एकमेकांना पाणी पाजायच्या गोष्टी करत होते. नदीत मात्र पाणी औषधालासुद्धा नव्हतं.

"मांडव पुंगत्तूरलाच पडंल," अप्पा म्हणाले. "पोरगी आमची हाय."

"मंग ठेवा घरात. लोणचं घाला तिचं," सासरे म्हणाले. त्यांचं नाव दोरैकण्णू. मिशी एवढी की बोलताना आधी मिशी हलायची, मग शब्द यायचा. "आवारंपाडीचा नवरा आजवर तुमच्या काठाला बोहल्यावर चढला न्हाई, आन् चढणार बी न्हाई."

पुंगत्तूर आमचं, दक्षिण काठावरचं. आवारंपाडी त्यांचं, समोरच्या काठावरचं. मध्ये नदी, म्हणजे वाळू. एका काठावरून हाक मारली तर दुसऱ्या काठावर ती पोचेपर्यंत शिळी व्हायची, एवढं रुंद पात्र. दोन्ही गावांचं काही वाकडं आलं की मधल्या वाळूत बसून मिटवायचं, असा आमच्याकडचा रिवाज. कारण ती वाळू कुणाचीच नाही. भांडण मिटो न मिटो, बसायला मऊ.

मिटायचं मात्र क्वचित. माझे आजोबा एकदा आवारंपाडीला लग्नाला गेले आणि मागं नदी आली. पाणी उतरेपर्यंत आमची माणसं तिथंच जेवली. परत आल्यावर आठवडी बाजारात कानावर आलं, "पुंगत्तूरवाल्यांनी आमची कणगी चाटूनपुसून नेली." आजोबांनी तिथल्या तिथं शपथ घातली, त्या काठाचं शीत आमच्या पोटात जाणार नाही. त्यांच्याकडचीही तशीच एक शपथ होती. त्यांच्या कुणा थोरल्या माणसाला आमच्याकडं ताकात मीठ घालायचं राहिलं होतं म्हणे. एका काठाला भाताचा राग, एका काठाला मिठाचा. अशी थोर आमची घराणी.

मी अम्माच्या मागं पदर चावत उभी होते. माझं नाव चिन्नपोण्णू, म्हणजे धाकटी पोर. आता पंचाहत्तरी उलटली, तोंडात दात शोधावा लागतो, तरी मी धाकटी पोरच. त्या दिवशी मला नवऱ्याचा एक कान तेवढा दिसला होता, बाकीचा नवरा मिशीच्या मागं होता. कान बरा होता. त्या कानाच्या जोरावर मी मनातल्या मनात हो म्हणून बसले होते, आणि हे दोघं म्हातारे माझा कान घालवायला निघाले होते.

शेवटी सासूबाई उठल्या. पच्चैयम्मा. बाई बारकी, पण आवाज तविलसारखा, लग्नातल्या ढोलासारखा. "लई झालं," त्या म्हणाल्या. "ह्या काठाला नगं, त्या काठाला नगं, तर घाला की मांडव हितंच. बसलायसा त्याच जागी."

सगळे हसले. मग अप्पा म्हणाले, "मी तेच म्हणणार हुतो," आणि सासरे म्हणाले, "मी तर मघाच म्हणलो."

"आन् नदी आली म्हंजे?" अम्मानं हळूच विचारलं.

त्यावर दोन्ही काठांचे बाप्ये जे हसले, तसं एका सुरात ते आधी कधी हसले नव्हते. सगळ्यांत मोठ्यानं माझा मामा कण्णप्पन. मामा बैलांचा दलाल. कोलारकडच्या बाजारातून बैल हाकत आणायचा, त्यामुळं नदीचा सगळा रस्ता त्याच्या तळपायाला पाठ.

"अक्का, नदी काय मोटारीत बसून येती व्हय?" मामा म्हणाला. "तिकडं म्हैसूर मुलखात नंदीच्या डोंगरात ती जन्मली. खाली उतरली की कोलार. तिथं तळी बसल्यात तोंड वासून. एकेकाला भेटत निघायचं म्हंजे निम्मी तिथंच सपली. ऱ्हायलेली आंध्राच्या टेकड्यांत शिरती, दगडधोंड्यात अडकती. तिथनं सुटली तर वाणियंबाडी, मंग आंबूर, मंग वेल्लूर. सगळी वाळूच. वाळू म्हंजे सासू गं, किती बी घाल, ढेकर न्हाई. एवढ्या सोयऱ्यांचा पाहुणचार घेत घेत आपल्या दारात पोचणार कोण? आपल्यापतुर नदी येत न्हाई, नदीचं नाव येतं!"

नाव तरी काय, पालार. दुधाची नदी. नाव दुभतं आणि म्हैस भाकड. माझ्या लहानपणी तिला लोक विसरूनच गेले होते. जे काय पाणी होतं ते वाळूखालून लपूनछपून जायचं, नव्या सुनेसारखं. हातानं खड्डा उकरायचा, वाटी वाटी पाणी झिरपू द्यायचं, घागर भरायची. आडी महिन्यात, म्हणजे आषाढात, बाकीच्या नद्यांवर बायका पुराची पूजा करतात. आम्ही आधी नदी उकरून काढायचो आणि मग तिची पूजा करायचो.

आवणी महिन्यातला, म्हणजे श्रावणातला, मुहूर्त निघाला. मधल्या वाळूत ताडाच्या झावळ्यांचा मांडव पडला, दारात घडासकट केळीचे खांब. मांडवाच्या उत्तरेला नवऱ्याकडच्यांची झोपडी, दक्षिणेला आमच्याकडच्यांची चूल. अंतर दोन्हीकडून मोजून सारखं, त्यासाठी दोन माणसं दोर घेऊन दिवसभर उन्हात भांडली.

आदल्या संध्याकाळी दुधाच्या लॉरीचा ड्रायव्हर सांगत आला, "वाणियंबाडीला पानी दिसलं म्हनं. वरती लई पाऊस लागलाय."

"दिसलं न्हवं?" मामा म्हणाला. "मंग डोळं भरून बघून घ्या म्हणावं. आंबूरपतुर बी यायचं न्हाई."

सकाळी आभाळ धुतल्या ताटासारखं लख्ख. चुलीजवळच्या खड्ड्यातून आचारी पाणी काढत होता. तो अम्माला म्हणाला, "अम्मा, तुमची पोर पायगुणाची. रातच्याला घागर घागर उपसलं तरी खड्डा भरलेलाच. आता तर काठावर आलंय, वाकाय बी लागत न्हाई." अम्मानं खड्ड्यात बघितलं, तिच्या कपाळाला आठी पडली. तिनं अप्पांना सांगितलं. अप्पांनी सासऱ्यांना सांगितलं. सासरे मिशी फिरवत म्हणाले, "शकुन हाय." न भांडता दोघांना पटलेली ती पहिली गोष्ट.

मुहूर्त जवळ आला. आमच्यात लग्नाची साडी नवऱ्याकडची असते, तीच नेसून पाटावर बसायचं. म्हणून मला उत्तरेच्या झोपडीत नेलं. सासूबाई माझ्या निऱ्या धरून बसल्या. ताट फिरायला निघालं होतं. नारळावर ठेवलेली ताली, पिवळ्या दोऱ्यातलं मंगळसूत्र, सगळ्या पाहुण्यांच्या पुढं न्यायची, प्रत्येकानं हात लावून आशीर्वाद द्यायचा. ताट मामाच्या हातात. आणि नवरा? नवऱ्यानं ताली बांधेपर्यंत उपाशी राहायचं असतं. एकांबरम तो. एकच कान मी पाहिलेला. तो लघवीला म्हणून उठला, मांडवाला वळसा घालून दक्षिणेच्या चुलीमागं गेला आणि आचाऱ्याकडून गरम वडे घेऊन उकिडवा बसला.

तेवढ्यात ओरडा झाला, "आली! ती आली!"

झोपडीच्या फटीतून मी पाहिलं. पश्चिमेकडून वाळूवर एक पांढरी रेघ सरकत येत होती. फेस, काटक्या, वाळकी पानं. घोट्याएवढंसुद्धा पाणी नाही. पुढं येई, वाळू पिऊन टाकी, परत पुढं येई. रांगत्या पोरासारखं.

शहाणी माणसं असती तर पळाली असती. आम्ही पालारची माणसं. इतक्या वर्षांनी लेक माहेरी आली, आणि तिच्याकडं पाठ फिरवून पळायचं? बायका हळदीकुंकू घेऊन नदीकडं धावल्या. बाप्यांनी चपला काढल्या. नादस्वरमवाल्यांनी नवऱ्याच्या स्वागताचा सूर धरला होता तो नदीलाच वाजवला. माझ्या लग्नाचा कापूर, माझ्या लग्नाची फुलं, माझ्या लग्नातला नारळ, सगळं तिच्यावर उधळलं. भटजीसुद्धा उठून गेला. पाटावर कुणी उरलं नाही.

"घाबरू नगा," मामा ताट सांभाळत सगळ्यांना सांगत होता. "शेपूट हाय हे. मोठं पानी वेल्लूरच्या वाळूत कवाच जिरलं."

आरती निम्मी झाली होती. मग आवाज आला. आधी वाटलं, लॉरी आली. मग वाटलं, पुष्कळ लॉऱ्या आल्या.

"पळा!" हे मामानंच ओरडून सांगितलं. त्याचा तेवढा मान त्याला दिलाच पाहिजे.

जो जिथं होता तो जवळच्या काठाकडं धावला. सासूबाईंनी एका हातात माझ्या निऱ्या आणि एका हातात माझं मनगट धरलं नि मला ओढत नेलं. मी पळतेय, साडी सुटतेय, सासूबाई ओरडतायत, "साडी सोडलीस तर हितंच सोडीन तुला!" काठावर चढून मागं पाहिलं, तर तांबडं पाणी दोन्ही थड्यांना लागलेलं, आणि आमचा मांडव, केळीच्या खांबांसकट, उभाच्या उभा समुद्राच्या वाटेला लागलेला. पायसाचं पातेलं त्याच्यामागं करवलीसारखं चाललं होतं.

माणसं मोजली. देवीची कृपा, सगळी होती. पण भलत्याच काठावर. नवरी उत्तरेला, नवऱ्याच्या गावात. नवरा दक्षिणेला, नवरीच्या गावात, हातात अर्धा वडा. ताली मामाकडं, म्हणजे तीही दक्षिणेला. भटजी उत्तरेला. मुहूर्त पाण्यात.

दोन्ही काठांवरून आरडाओरडा सुरू झाला.

"ताली फेका हिकडं!"

"फेकाय ती काय शेणी हाय व्हय?"

"मंग नवऱ्याला म्हणावं, तवर केळीला बांध!"

"केळी ग्येली वाहून!"

सासरे वडाखाली बसले. त्यांची मिशी बराच वेळ हलली, मग शब्द आला. "नदी आडवी आली. इतकी वर्सं आली न्हाई, ती बरोबर मुहूर्ताला आली. ही पोरगी आपल्या घरात नगं. पानी उतरलं की परत धाडायची."

मला त्याचा अर्थ कळत होता. मांडवातून परत गेलेल्या मुलीला आमच्याकडं कुणी दुसऱ्यांदा विचारत नसे. अशी एक आमच्या गल्लीत होती, दुसऱ्यांच्या लग्नात केळीची पानं पुसता पुसता म्हातारी झाली. मी अर्धवट नेसलेल्या लाल साडीत उभी होते आणि डोळ्यांपुढं केळीची पानं दिसत होती, ढीगच्या ढीग.

सासूबाई मला घरी घेऊन गेल्या, कोरडं लुगडं दिलं आणि म्हणाल्या, "मासे साफ कराय येत्यात का?"

"येतात आत्याबाई," मी म्हणाले. येत नव्हते.

पुराबरोबर मासे आले होते. आवारंपाडीची माणसं टोपल्या लावून मासे धरत होती. सासूबाईंनी चिंचेचं आंबट, लाल, झणझणीत कालवण केलं. आमच्या घरी मासा शिजत नसे. आजोबांची शपथ मला आठवली. पहिला घास घेतला आणि मी आजोबांची मनातल्या मनात माफी मागितली. दुसऱ्या घासाला आजोबा आठवले नाहीत. तिसऱ्याला मी विचारलं, "अजून हाय का?"

"दुखात हाय पोरगी," शेजारीण म्हणाली.

"व्हय," सासूबाई म्हणाल्या. "दुखानं तिसऱ्यांदा भात घेतला तिनं."

रोज संध्याकाळी मी काठावर जायची. समोरच्या काठावर एक काडीएवढी आकृती यायची. तोच असावा. मी हात हलवायची, तीही हात हलवायची. एकदा बराच वेळ हलवल्यावर कळलं की ती अण्णामलै गुरवाची बायको, कावळे हाकत होती.

पाणी उतरत चाललं तशी सासऱ्यांची घाई वाढली. एका सकाळी ते म्हणाले, "आज कमरेला आलंय. उद्या धाडूया."

सासूबाई ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी सूप ठेवलं. "चला माझ्यासंगं," त्या म्हणाल्या, आणि मिशीसकट सासऱ्यांना मळ्यातल्या विहिरीवर घेऊन गेल्या. मीही मागोमाग. त्या विहिरीचा तळ मी आल्या दिवशी पाहिला होता, त्यात कुत्रं झोपलेलं होतं. आता पाणी वरून दुसऱ्या पायरीला लागलं होतं.

"वाकून हात बुडवा," सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी हात बुडवला.

"तुमी म्हणता, पोरगीच्या आडवी नदी आली. मी म्हणते, पोरगीच्या मागनं नदी आली. कुणाच्या पायानं ह्यी हीर भरली? तुमच्या? तुमचं पाय तर जन्मापास्नं हितंच हायत, कोरड्या हिरीवर. आता धाडा तिला परत. आन् तिच्या मागनं हिरीतलं पानी ग्येलं, तर गावाला तोंड तुमी दाखवायचं."

मिशी हलली. शब्द आलाच नाही.

आता राहिलं एवढंच की ताली कुठं बांधायची. पाणी गुडघ्याला आलं. दोन्ही काठांवर दोन्ही गावं येऊन उभी राहिली. अप्पा तिकडून ओरडले, "पोरगीला हिकडं धाडा, हितं बांधू." सासरे इकडून ओरडले, "पोराला हिकडं धाडा, हितं बांधू." मधली वाळू पाण्याखाली, तेव्हा भांडायला बसायला जागा नव्हती. उभ्या उभ्या भांडण रंगेना. ऊन चढलं. नादस्वरमवाले कंटाळून बसले.

सासूबाईंनी माझ्या पाठीला कोपर लावलं. "जा."

"कुठं, आत्याबाई?"

"पान्यात. नदी कुणाच्या बाची न्हाई."

मी साडी गुडघ्यापर्यंत धरली आणि निघाले. तळाची वाळू पायाखालून सरकत होती, मासे पोटऱ्यांना लागत होते. निम्म्यात आले तेव्हा दिसलं, समोरूनही कुणी येत होतं. पंचा खोचलेला, ताट डोक्यावर धरलेलं. जवळ आला. दुसरा कानही बरा होता. मधला ऐवज मात्र बराच सुटला होता. अम्मानं त्याला माझ्या वाट्याचंही खाऊ घातलेलं दिसत होतं.

भटजीनं काठावरून मंत्र म्हटले. अर्धे वाऱ्यानं नेले. एकांबरमनं ताली बांधली, ताट तरंगायला लागलं, ते मी धरलं. दोन्ही काठांवरून अक्षता उडाल्या. आमच्यापर्यंत एक दाणा पोचला नाही, सगळ्या माशांना मिळाल्या. ताली बांधायला ना आम्ही त्यांच्या काठाला गेलो, ना ते आमच्या. दोन्ही गावांचे हट्ट कोरडे राहिले, भिजलो आम्ही दोघं.

मग मला माझ्या नवऱ्याचे पहिले शब्द ऐकायला मिळाले. माझ्याकडं न बघता तो म्हणाला, "तुझ्या अम्मानं आज वांग्याचं सांबार केलंय. जेवाय तिकडंच जाऊया का?"

मी मान खाली घालून, नव्या नवरीसारखी म्हणाले, "आत्याबाईंनी मासे शिजवलेत."

"मासे काय, जन्मभर खाल्ले मी."

"सांबार मी जन्मभर खाल्लं."

आम्ही गुडघाभर पाण्यात उभे. दोन्ही काठ वाट बघतायत. दोन्ही बापांना वाटलं, पोरं लाजतायत. ते आमचं पहिलं भांडण आणि तेच शेवटपर्यंत पुरलं. बाकी भांडणांसाठी आम्ही नवीन विषय शोधायचे कष्ट घेतले नाहीत.

जेवलो कुठं ते सांगत नाही. दोन्ही गावं आपापल्या परीनं सांगतात.

पण त्या दिवसापासून माझी एक नोकरी लागली. नदी आली नाही की आवारंपाडीच्या बायका दारात यायच्या. "चिन्नपोण्णू, नेस की गं ती साडी. जा मधल्या वाळूत, जरा उभी ऱ्हा." मी नेसायची, उभी राहायची. कधी नदी आली, कधी नाही. आली की नदीचं कौतुक, नाही आली की माझ्या पायाला दोष. एकदा मी डोळे दाखवायला वेल्लूरला गेले होते, तेव्हा ती दोन्ही थड्या भरून आली. गावानं ठरवलं, मी वेल्लूरला उभी राहिले म्हणूनच. उभं राहायचं असलं की एकांबरम काठावर छत्री घेऊन बसायचा आणि ओरडायचा, "अगं, जरा पश्चिमेकडं तोंड कर, तिला दिसू दे की!"

त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. आता नदीवर पूल आहे, भला मोठा. मोटारी जातात. खाली बघायला कुणाला वेळ नाही, आणि बघण्यासारखं काही नाहीही. वाळू लॉऱ्यांनी नेली. मधली वाळू होती तिथं खड्डे आहेत, त्यात वेडी बाभळ उगवलीय. भांडायला बसायचं म्हटलं तर काटे टोचतात. म्हणून दोन्ही गावं हल्ली फोनवर भांडतात.

यंदाही ती आली नाही. काल नातसून साडी उन्हात टाकत होती. कसरीनं खाल्लीय, धरली तिथं फाटतेय. म्हणाली, "आज्जी, बायका म्हणतायत, उद्या सकाळी. जमंल ना उभं ऱ्हायला?"

"जमंल," मी म्हटलं. "खुर्ची घेऊन बसीन. तिला काय, खुर्चीत बसली की उभी ऱ्हायली, तेवढं कळत न्हाई. आन् हे बघ, पहाटंचं दोन वडे तळ."

"एवढ्या सकाळी वडे? तुमास्नी दात कुठं हायत?"

"मला न्हाईत गं. असंल एखादा उपाशी."

नदी आली तर तिला ओवाळीन. तो आला तर त्याला देईन. दोघंही नाही आले, तर सांबारात बुडवून मऊ करून मीच खाईन.